श्री विठ्ठल, अ. पा. क. सरकार

प्रति,
मायबाप सरकार,
कायमचा पत्ता मंत्रालय, मुंबई. तूर्त मुक्काम गाभारा.



रस्ते, पाणी, पोलीस, न्यायालयं ही कामं आपल्या हातून वेळेवर होत नाहीत म्हणून आम्ही आजवर पुष्कळ कुरकुर केली. ती मागे घेतो. ज्याच्या अंगावर देवाच्या संगोपनाची जबाबदारी आहे, त्यानं नालेसफाईकडे कधी बघावं?

संगोपन म्हणतो, कारण कायद्यानं देव अज्ञान आहे. कोर्टाच्या लेखी मूर्ती ही व्यक्ती असते. तिच्या नावे जमीन असते, ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो. पण वागवायचं लहान मुलासारखं. कारभार पालकानं पाहायचा. विठोबा विटेवर किती युगं उभा आहे कोण जाणे, कोर्टात मात्र त्याचं वय अठराच्या पुढे सरकलेलं नाही. सातबाऱ्यावर पोरक्या मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, लिहून काकाचं नाव चढवतात, त्या जागी पंढरपुरात, शिर्डीत, प्रभादेवीला आपण बसला आहात. अज्ञान पुतण्याचं काका किती भलं करतो, याचा महाराष्ट्राला शनिवारवाड्यापासूनचा अनुभव आहे.

आधी माझी जात सांगतो, नाहीतर आपण ती शोधत बसाल. मी बडवा नाही, उत्पात नाही, कुठल्या परिषदेचा किंवा सेनेचा कार्यकर्ता नाही. सरकारनं थोडी कामं करावीत आणि ती नीट करावीत, एवढंच मानणाऱ्या मूठभर मंडळींपैकी एक आहे. राजाजी आणि मिनू मसानी यांनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला तो याच बुद्धीनं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढे हीच गोष्ट शेताच्या बांधावर उभं राहून सांगितली. आमचा पक्ष कुठे आहे हे विचारू नका. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात अशी सोय आहे, की पक्ष नोंदवायचा तर समाजवादावर खरी निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. एवढी कडक शपथ पंढरीच्या माळकऱ्यालाही कोणी घालत नाही.

देऊळ, मशीद, गुरुद्वारा यांचा कारभार तिथे जाणाऱ्यांनी पाहावा, सरकारनं त्यांना लुबाडू नये आणि पोसूही नये, हे आमचं म्हणणं. आपण दोन्ही करता. डाव्या हातानं हुंडी उचलता आणि उजव्या हातानं अनुदान वाटता, आणि दोन्ही वेळा फोटो मात्र उजव्या हाताचाच येतो.

पंढरपूरपासून सुरुवात करतो, कारण तिथे आपली बाजू सर्वांत भक्कम आहे. बडवे या पिढीजात पुजाऱ्यांच्या राज्यात वारकऱ्याची जी अडवणूक होई, तिच्या तक्रारी एवढ्या साचल्या की १९६८ मध्ये नाडकर्णी आयोग नेमावा लागला. १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम आला आणि बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. कोर्टबाजीमुळे समितीच्या हाती कारभार यायला १९८५ उजाडलं, आणि सर्वोच्च न्यायालयातला शेवटचा निकाल लागला तो जानेवारी २०१४ मध्ये. त्याच वर्षी समितीनं पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या उमेदवारांकडून, स्त्रियांकडूनही, अर्ज मागवले. उत्तम झालं. बडव्यांसाठी माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. त्यांचा मक्ता तरी कुठे देवानं दिला होता? राजेरजवाड्यांनी तो मान्य केला आणि इंग्रजांच्या कोर्टांनी त्यावर शिक्का मारला. म्हणजे तीही आपल्याच पूर्वसुरींची देणगी.

पण मक्तेदाराला हटवल्यावर मक्ता मोडायचा असतो. आपण तो स्वतःच्या नावावर करून घेतलात. समितीवर कोण बसणार हे आपण ठरवता. पिढ्यान्‌पिढ्या पायी येणाऱ्या दिंडीला तिथे एक मत नाही. आणि आपण निवड कशी करता? २०२१ मध्ये तीन पक्षांचं राज्य होतं, तेव्हा महामंडळांच्या वाटपाबरोबर देवही वाटले गेले: साईबाबा राष्ट्रवादीच्या वाट्याला, विठोबा काँग्रेसच्या, आणि सिद्धिविनायक आधीपासून शिवसेनेकडे. पुढच्या सरकारनं माणसं बदलली, रीत बदलली नाही. गणपतीचा पक्ष कोणता हा प्रश्न पुराणिकांनाही कधी पडला नसता. आपण तो पाडलाही आणि सोडवलाही.

आपल्या पूजेचं तर विचारूच नका. आषाढीला मुख्यमंत्री आणि कार्तिकीला उपमुख्यमंत्री, असा पायंडा. २०२३ मध्ये राज्याला उपमुख्यमंत्री दोन होते. झाला ना पेच! यजमान कोण? मंदिर समितीनं विधी व न्याय विभागाचा सल्ला मागितला. जनाबाईबरोबर जात्यावर बसताना ज्याला कोणाचा अभिप्राय लागला नाही, त्याच्या पायांना कोणी हात लावायचा हे ठरवायला फाइल फिरली. त्याआधी २०१८ मध्ये मराठा आंदोलनामुळे मुख्यमंत्र्यांना आषाढीला पंढरपूर गाठता आलं नव्हतं आणि महापूजा मानाच्या वारकरी दांपत्यानं केली होती. कृपया नोंद घ्यावी, की त्या वर्षी देवानं हरकतीचा अर्ज दिलेला नाही.

२०२० ची आषाढी मात्र मी विसरू शकत नाही. टाळेबंदी होती. पालख्या एसटीत बसून आल्या, वारकरी घरी राहिले. माझ्या पंथातले काही लोक तेव्हाही स्वातंत्र्याच्या नावानं ओरडले. मला ते पटलं नाही. साथीत गर्दी केली तर शेजाऱ्याचा जीव जातो, आणि दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठीच तर आपल्याला नेमलं आहे. नियम बरोबर होता. पण ज्या गाभाऱ्यात वारकऱ्याला पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला उभे होते. त्या वर्षी दारूची दुकानं मे महिन्यात उघडली आणि देवळं दिवाळीच्या पाडव्याला. मध्ये ऑक्टोबरात राज्यपाल महोदयांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विचारलं, की आपण एकाएकी सेक्युलर झालात की काय? राज्यघटनेची शपथ घेतलेल्या एकानं दुसऱ्याला घटना पाळल्याबद्दल टोमणा मारावा, आणि दुसऱ्यानंही आपलं हिंदुत्व शाबूत असल्याची ग्वाही द्यावी! दोघांपैकी एकानंही म्हटलं नाही, की बाबांनो, देऊळ कधी उघडावं हा साथरोगाचा प्रश्न आहे, आमच्या भक्तीचा नाही.

आता पैशाकडे वळतो, कारण आपणही शेवटी तिथेच वळता. शिर्डीचं संस्थान २००४ च्या खास कायद्यानं आपल्या हाती आलं. २०१८ मध्ये निळवंड्याच्या कालव्यांसाठी त्याच संस्थानानं आपल्याला ५०० कोटी रुपये बिनव्याजी देण्याचं ठरलं. अकोले-संगमनेरच्या शेताला पाणी मिळावं याला कोण विरोध करील? मी विचारतो ते एवढंच, की कर्ज देणाऱ्या संस्थेचे विश्वस्त कर्ज घेणाऱ्यानं नेमलेले असतील, तर त्या व्यवहाराला सावकारी कायद्यात काय म्हणतात? दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर आपल्याच आर्थिक गुन्हे शाखेनं त्याला बोलावून घेतलं असतं. ज्या बाईनं फकिराच्या समाधीपुढे अकरा रुपये टाकले, तिला ते पाटबंधारे खात्यात जाणार आहेत हे कोणी विचारलं होतं? पाटबंधाऱ्यासाठी ती वेगळा कर भरतेच. साबणाच्या वडीवरही भरते.

आपलं उत्तर मला पाठ आहे: खासगी हातात दिलं तर चोऱ्या होतील. होतीलच! म्हणून तर १९५० चा सार्वजनिक न्यासांचा कायदा केला आणि धर्मादाय आयुक्त बसवले. नोंदलेल्या न्यासांच्या उत्पन्नातून या खात्यासाठी वर्गणी घ्यायची तरतूदही ठेवली, आणि ती कर नसून सेवेचं शुल्क आहे, असं १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून ठरवून घेतलं. सेवा कशी असते ते गावच्या कुठल्याही देवस्थानच्या सेक्रेटरीला विचारा. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट दाखल करायचा. तो मंजूर होईपर्यंत पुष्कळदा नव्या विश्वस्ताच्या जागी आणखी नवा विश्वस्त घ्यायची वेळ येते, आणि मग त्याचाही चेंज रिपोर्ट.

आणि चोऱ्या? तुळजाभवानीच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तिथल्या दानपेट्यांच्या लिलावात १९९१ ते २००९ या काळात झालेल्या घोटाळ्याबद्दल गुन्हा नोंदवा, असं औरंगाबाद खंडपीठाला २०२४ मध्ये सांगावं लागलं. राखणदार आपण, फौजदारही आपण, आणि शेवटी दाद मागायची ती भाविकांनी. हिशेब तपासणारा आणि हिशेब लिहिणारा एकच असू नये, हे किराणा दुकानदारालाही कळतं. आपण दोन्ही खुर्च्यांवर बसायचा हट्ट धरलात, म्हणून दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

आता उजव्या हाताकडे. २०२४ मध्ये आपण मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना काढलीत: साठीच्या पुढच्यांना यात्रेसाठी माणशी ३०,००० रुपयांपर्यंत. त्याच वर्षी वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये. २०२५ मध्ये गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला. केंद्रातल्या आपल्या थोरल्या भावानं हजचं अनुदान २०१८ पर्यंत चालवलं. तेव्हा त्याला लांगूलचालन म्हणणारी मंडळी आज तीर्थदर्शनाच्या फलकावर हात जोडून उभी आहेत, आणि तेव्हा त्याचं समर्थन करणाऱ्यांना आज एकाएकी निधर्मीपणा आठवला आहे. घटनेच्या २७व्या कलमाचा आशय सरळ आहे: एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर भरायला कोणालाही भाग पाडता येणार नाही. आपल्या वकिलांनी त्यातून वाट काढली असेलच. वाट काढण्याचं काम आपल्याकडे फार चोख होतं. वाट बांधायचं तेवढं राहतं.

टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सव उभा केला तो सरकारच्या नाकावर टिच्चून. आता त्याच मंडपात सरकार पाहुणं राहिलेलं नाही, यजमान झालं आहे. आणि दिंडीचे वीस हजार? ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ असं शेतकरी संघटनेनं याच वारकऱ्याच्या पोराला शिकवलं होतं. केंद्रातल्या थोरल्या भावानं त्याच्या कांद्यावर निर्यातबंदी घालायची, सोयाबीनचा भाव पाडायचा, आणि आपण आषाढात त्याच्या वीणेकऱ्याच्या हातात धनादेश ठेवायचा! त्याच्या कांद्याला मोकळा बाजार द्या, तो स्वतःच्या पैशानं पंढरपूरलाही जाईल आणि काशीलाही.

वारीवर मला थोडं रेंगाळू द्या, कारण आपल्या सगळ्या युक्तिवादाला ती चालतं-बोलतं उत्तर आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या पालखीला आजची शिस्त लावली. घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांचे. सरकार म्हणजे आपण नव्हे, गैरसमज नसावा. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. आळंदी संस्थानाचे विश्वस्त जिल्हा न्यायालय नेमतं हे मला ठाऊक आहे, पण वाटेवर लाखो माणसं चालतात ती कुठल्या शासन निर्णयानं नव्हे. संध्याकाळी तळावर समाज आरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि एवढा मोठा समाज गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, तिथल्या तिथे निवाडा करतो. टोकन नाही, टपाल विभाग नाही, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ नाही. आपल्या लोकशाही दिनात तक्रार अशी संपलेली मी तरी पाहिली नाही.

टँकर, फिरती शौचालयं, दवाखान्याच्या गाड्या, बंदोबस्त हे आपण वारीत करता, त्याबद्दल मनापासून आभार. ते आपलंच काम आहे. लाखो माणसं रस्त्यावर असताना पटकी पसरू न देणं याहून सरकारी काम दुसरं कोणतं? पण तिथून आपली नजर चोपदाराच्या दंडाकडे वळू लागली आहे. उद्या चोपदार निवड समिती, त्यावर दोन आमदार, एक महिला प्रतिनिधी आणि पदसिद्ध प्रांताधिकारी!

आपला हा रोग जुना आहे. पेशवे पुण्यात रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पैसा अर्थातच रयतेचा. कंपनी सरकार आलं तेव्हा यात्रेकरूंवरचा कर आणि देवस्थानांची व्यवस्था दोन्ही त्यांच्या गळ्यात पडली. तिकडे विलायतेत मिशनऱ्यांनी ओरड केली, की ख्रिस्ती सरकार मूर्तींचा कारभार कसा पाहतं. अखेर १८६३ मध्ये विसावा कायदा करून इंग्रजांनी देवळा-मशिदींच्या व्यवस्थापनातून अंग काढून घेतलं. हेतू काहीही असो, अक्कल आली. स्वराज्यात ती परत गेली. गोव्यात तर आपल्या भावंडांनी कमालच केली: १९३३ चा पोर्तुगीज देवस्थान कायदा १९६१ नंतरही सांभाळून ठेवला, आणि आजही महाजनांच्या डोक्यावर मामलेदार. पोर्तुगीज गेले, पण त्यांचा मामलेदार देवळात राहिला. नांदेडच्या गुरुद्वारा मंडळासाठी १९५६ चा कायदा आहे. २०२४ मध्ये आपण त्यात सरकारी सदस्य वाढवायला निघालात, तेव्हा शीख समाज एवढा खवळला की हात मागे घ्यावा लागला. वक्फवर आपली वेगळी कृपा आहे. एकूण सर्वधर्मसमभाव पुरेपूर: आपण कोणालाच मोकळं सोडलेलं नाही.

मग धर्माच्या बाबतीत सरकारला काहीच काम नाही का? आहे, आणि तिथेच आपण सापडत नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, असं टिळक म्हणाले; आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. माझ्यासारख्यानं टिळकांकडे जावं अशी आपली अपेक्षा असेल. मी आगरकरांकडे जातो. फुलमणी दासी नावाची बंगालमधली अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हाती मेली होती. तिला वाचवणं म्हणजे धर्मात ढवळाढवळ नव्हे. सरकार असण्याचं तेवढंच तर कारण आहे. एखाद्याला जातपंचायत वाळीत टाकते, त्याच्या घरच्या लग्नाला कोणी जायचं नाही असा फतवा काढते, तेव्हा आपण हवे असता. १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये रद्द केला. महाराष्ट्रानं नवा कायदा केला तो २०१६ मध्ये. चोपन्न वर्षं! नरेंद्र दाभोलकर जादूटोण्याविरुद्धच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं आपल्या पायऱ्या झिजवत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि काही दिवसांतच आपला वटहुकूम निघाला. खुनाचा निकाल लागला मे २०२४ मध्ये: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. विठोबाचा यजमान ज्या वेगानं ठरला त्याच्या दहाव्या हिश्शानंही हा खटला चालला असता, तर आपल्या सगळ्या महापूजा मी माफ केल्या असत्या.

तेव्हा मागणं मांडतो. देवस्थानांवर माणसं नेमायचा अधिकार सोडा, सगळ्याच धर्मांच्या. त्याऐवजी सर्वांना एकच साधा कायदा लावा: दर वर्षाचा तपासलेला हिशेब दारावर लावायचा, नाही लावला तर खटला, आणि चोरी झाली तर तुरुंग. विश्वस्त भाविकांनी निवडावेत. पंढरपुरात मतदारयादी करणं अवघड नाही, दिंड्यांचे क्रमांक आधीच लागलेले आहेत. ते भांडतील, गट पाडतील, कदाचित बडव्यांसारखाच एखादा नवा मालकही तयार होईल. त्याला पुढच्या निवडणुकीत पाडता येईल. आपल्याला पाडायचं तर अख्खं राज्य बदलावं लागतं, आणि बदलून पुन्हा आपणच येता.

तूर्त सुरुवात म्हणून येत्या अधिवेशनात १९७३ च्या कायद्यातली समिती नेमण्याची तरतूद दुरुस्तीला घ्या. मुख्यमंत्र्यांना आषाढीला दर्शन हवं असेल तर जरूर यावं. पत्राशेडमधून रांग सुरू होते.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक करदाता

ता. क. या पत्राला उत्तर पाठवू नये. हिशेब पाठवावा.